उंचीवरच्या कामासाठी हेल्मेट कसं निवडावं: माड, कौलं, टॉवर आणि कडे

पावसाळा तोंडावर आला की गोव्यात माणसं वर चढू लागतात. कुणी कौलं परतायला, कुणी माडाच्या सुक्या झावळ्या उतरवायला, कुणी इमारतीच्या बाहेरच्या भेगा बुजवायला. डोक्यावर हेल्मेट असलंच तर ते बहुतेक वेळा बांधकामावरचं पिवळं असतं. त्याला हनुवटीचा पट्टा नसतो, किंवा असलेला पट्टा वर गुंडाळून ठेवलेला असतो. त्या हेल्मेटमध्ये खोट नाही. खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर वरून काही पडलं तर ते आपलं काम चोख करतं. वर चढलेल्या माणसाला मात्र मार वेगळ्याच दिशेने बसतो. तो स्वतः घसरतो, दोरीला लटकून भिंतीवर आदळतो, वाशावर डोकं आपटतो, आणि तोवर पट्टा नसलेलं हेल्मेट त्याच्याआधीच खाली पोचलेलं असतं.

म्हणून निवडीची सुरुवात रंगापासून किंवा किमतीपासून करू नका. आपल्या कामात डोक्याला मार कुठून येऊ शकतो ते आधी ठरवा, मग मानक, मग पट्टा, मग कवच, आणि शेवटी दुकान. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगितलेली बरी: हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा सुरक्षापट्टा, न लावता पंधरा मीटरच्या माडावर चढणाऱ्याला कुठलंही हेल्मेट वाचवू शकत नाही. पुढचं सगळं हार्नेस, दोर आणि अँकर (दोर अडकवायचा पक्का आधार) जागेवर आहेत असं धरून लिहिलं आहे.

मार कुठून येतो

तीन शक्यता तपासा. पहिली, वरून वस्तू पडणं: नारळ, पाना, कौल, कड्यावरचा दगड. दुसरी, डोकं बाजूने किंवा मागून आपटणं. हार्नेस लावलेला माणूस घसरला की तो सरळ खाली जात नाही, अँकरच्या दिशेने झोका खातो आणि खोडाला, भिंतीला किंवा परांचीच्या नळीला कानशिलाच्या बाजूने धडकतो. तिसरी, पडता पडता हेल्मेट निघून जाणं.

साधं औद्योगिक हेल्मेट पहिल्या शक्यतेसाठी बनतं. उंचीवरच्या कामात दुसरी आणि तिसरी जास्त घातक असते, आणि नेमकी त्यांचीच चौकशी दुकानात कुणी करत नाही.

मानकं काय तपासतात

हेल्मेटवर छापलेल्या आकड्यामागे एक ठरावीक चाचणी असते. ती माहीत असली की विक्रेत्याच्या बोलण्यावर अवलंबून राहावं लागत नाही.

आयएस २९२५ हे औद्योगिक हेल्मेटचं भारतीय मानक. आयएसआय चिन्ह असलेल्या बांधकामाच्या हेल्मेटवर हाच आकडा दिसतो. रोख मुख्यतः वरून पडणाऱ्या वस्तूवर आहे.

ईएन ३९७ हे त्याच कामाचं युरोपीय मानक. यात पाच किलोचं वजन एक मीटरवरून हेल्मेटच्या माथ्यावर सोडतात आणि आतल्या नकली डोक्यापर्यंत पोचणारा जोर ५ किलोन्यूटनच्या आत राहावा लागतो. म्हणजे साधारण पाचशे किलोचा दाब. तीन किलोचं टोकदार वजनही एक मीटरवरून सोडतात, त्याचं टोक डोक्याला टेकता कामा नये. बाजूच्या आघाताची सक्तीची चाचणी याच्या २०१२ च्या आवृत्तीत नाही. काही हेल्मेटवर ‘एलडी’ लिहिलेलं असतं, पण ते दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कवच किती चेपतं याचं माप आहे, बाजूने बसणाऱ्या फटक्याचं नव्हे.

ईएन १२४९२ हे गिर्यारोहणाचं मानक. माथ्यावर तेच पाच किलोचं वजन दोन मीटरवरून येतं, शिवाय पुढून, मागून आणि बाजूने अर्ध्या मीटरवरून आघात केले जातात. मर्यादा मात्र १० किलोन्यूटन आहे. त्यामुळे ‘गिर्यारोहणाचं हेल्मेट दुप्पट मजबूत’ असं सरळ म्हणता येत नाही. ते मोठा फटका झेलतं, पण मानेपर्यंत जाऊ देणारा जोरही जास्त मान्य करतं. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाचं यूआयएए १०६ हे मानक तीच मर्यादा ८ किलोन्यूटनवर आणतं, म्हणून कड्यांसाठी घेताना ते चिन्ह असेल तर उत्तम.

अमेरिकी झेड८९.१ मानकाचं हेल्मेट हाती आलं तर ‘टाइप’ बघा. टाइप १ फक्त माथ्यासाठी, टाइप २ मध्ये बाजूचा आघातही तपासलेला असतो.

ईएन ८१२ लिहिलेली टोपी दिसायला हेल्मेटसारखी असते, पण ती फक्त ठेंगण्या दारावर किंवा पाइपवर डोकं लागू नये म्हणून आहे. पडणाऱ्या वस्तूसाठी तिचा उपयोग नाही. स्वस्त आणि हलकी म्हणून ती उंचीच्या कामाला खपवली जाते. ती घेऊ नका.

किलो गुणिले मीटर

वरच्या चाचण्यांवरून एक सोपा हिशेब निघतो. वस्तूचं वजन किलोत आणि ती जितक्या उंचीवरून पडणार ती उंची मीटरमध्ये, यांचा गुणाकार करा. ईएन ३९७ ची माथ्याची चाचणी म्हणजे ५. ईएन १२४९२ ची म्हणजे १०.

अर्धा किलोचा पाना दहा मीटरवरून पडला तर ५. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून सुटलेला पाना साध्या हेल्मेटच्या चाचणीइतका फटका देतो. मंगळुरी कौल अडीच किलोचं धरलं तर अवघ्या दोन मीटरवरूनच ५ भरतात, आणि कौलाची कड धारदार असते ते वेगळंच. आता नारळ घ्या. सोडण न काढलेला दीड किलोचा नारळ सव्वातीन मीटरवरून पडला की ५ होतात, पावणेसात मीटरवरून १०. पंधरा मीटरच्या माडावरून तोच नारळ साडेबावीस भरतो, आणि जमिनीशी येतो तेव्हा त्याचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या वर असतो.

याचा अर्थ साफ आहे. खाली नारळ गोळा करणाऱ्या माणसाला हेल्मेट द्यायलाच हवं, पण ते घालून माडाखाली उभं राहण्याची परवानगी मिळते असं समजू नये. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, शेंड्यात असेपर्यंत बुंध्यापाशी कुणीच नसावं. ‘हेल्मेट आहे ना’ म्हणून भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, बिनधास्त फिरणारे कामगार नेहमी दिसतात, आणि तिथे हा गुणाकार कुणीतरी मोठ्याने करून दाखवायला हवा. हत्यारांचंही तसंच: पाना, ड्रिल, कोयता यांना दोरी बांधून ती हार्नेसला अडकवली तर हेल्मेटवर भार येतच नाही.

हिशेबाला एक मर्यादा आहे. टोकदार, लहान वस्तूंना तो लागू होत नाही. शंभर ग्रॅमचा बोल्ट तीस मीटरवरून आला तर गुणाकार फक्त ३ येतो, तरी सगळा जोर एका टोकावर एकवटल्यामुळे कवच फुटू शकतं.

हनुवटीचा पट्टा

उंचीच्या कामाचं हेल्मेट आणि जमिनीवरचं हेल्मेट यांतला खरा फरक इथे आहे.

ईएन ३९७ मध्ये पट्टा मुद्दाम कमकुवत ठेवतात. १५० ते २५० न्यूटन, म्हणजे पंधरा ते पंचवीस किलोच्या ओढीला त्याने सुटलंच पाहिजे. कारण जमिनीवर चालणाऱ्या किंवा यंत्राजवळ काम करणाऱ्या माणसाचं हेल्मेट कशात अडकलं तर गळा आवळला जाऊ नये. ईएन १२४९२ मध्ये अगदी उलट आहे: ५०० न्यूटन, म्हणजे पन्नासेक किलोच्या ओढीला पट्टा तुटता कामा नये आणि २५ मिलिमीटरपेक्षा जास्त ताणला जाऊ नये. पडताना पहिला धक्का खांद्याला किंवा पाठीला बसतो, हेल्मेटला झटका मिळतो आणि कमजोर पट्टा तिथेच सुटतो. दुसरा धक्का डोक्याला बसतो तेव्हा डोकं उघडं असतं.

दोन्ही अटी एकाच पट्ट्यात एकाच वेळी बसत नाहीत. म्हणून एखाद्या स्वस्त हेल्मेटवर दोन्ही मानकं बिनदिक्कत छापलेली दिसली तर शंका घ्या आणि माहितीपत्रक मागा. चांगले निर्माते यातून वाट काढतात. पेट्झलच्या व्हर्टेक्स आणि स्ट्रॅटो या हेल्मेटच्या पट्ट्याला दोन स्थिती दिलेल्या आहेत, एक उंचीसाठी न सुटणारी, दुसरी जमिनीसाठी ओढीला सुटणारी. असं हेल्मेट घेतलं तर सकाळी वर चढण्याआधी पट्टा कुठल्या स्थितीत आहे हे बघणं हाही तपासणीचा भाग होतो. आदल्या दिवशी गोदामात काम करणाऱ्याने तो जमिनीच्या स्थितीत ठेवलेला असू शकतो.

आमचा सल्ला असा: हार्नेस लावून काम असेल तर न सुटणारा पट्टा. दिवसाचा बराच वेळ खाली, यंत्रांच्या आसपास जात असेल तर सुटणारा. दोन्ही असेल तर दुहेरी पट्टा, किंवा सरळ दोन हेल्मेट.

पट्ट्याचे टेकू मोजा. चार ठिकाणी कवचाला जोडलेला, दोन्ही कानांखाली इंग्रजी वाय अक्षरासारखा मिळणारा पट्टा हवा. कवचाच्या दोन बाजूंना अडकवलेला नुसता इलॅस्टिकचा पट्टा हेल्मेट वाऱ्याने उडू नये इतपतच कामाचा, पडताना तो रबरासारखा ताणला जातो आणि हेल्मेट मागे लोळतं. साध्या हेल्मेटला बाजारातून वेगळा पट्टा आणून भोकं पाडून बसवणारेही आहेत. भोक पाडलं की कवच तिथून तडकतं आणि मानकाचा शिक्का निरर्थक होतो.

कवच, आतला सांगाडा, छिद्रं

कवचाचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात बाहेर एबीएस, पॉलिकार्बोनेट किंवा एचडीपीई अशा प्लास्टिकचं कडक कवच आणि आत पट्ट्यांचा सांगाडा असतो. आघात झाला की पट्टे ताणले जाऊन जोर पसरतो. त्यासाठी माथा आणि कवच यांच्यात किमान अडीच सेंटीमीटरची रिकामी जागा लागते. त्या जागेत रुमाल, विड्यांचं बंडल किंवा मोबाइल ठेवला की आघात थेट कवटीवर जातो. सांगाडा कवचाला सहा किंवा जास्त ठिकाणी अडकलेला असेल तर चारपेक्षा चांगला.

दुसऱ्या प्रकारात पातळ कवचाला आतून फोम चिकटवलेला असतो. ईपीएस म्हणजे थर्माकोलसारखा फोम चेपून जोर घेतो, पण एकदाच. चेपलेला भाग परत वर येत नाही. ईपीपी फोम बऱ्यापैकी पूर्ववत होतो. फोमची हेल्मेट हलकी असतात आणि बाजूचा मार चांगला घेतात, पण टेम्पोच्या मागे फेकली, त्यांच्यावर सामान ठेवलं की खराब होतात. रोज दहा जण हाताळणार असतील तर कडक कवचाचं, आत सांगाडा आणि माथ्यावर किंवा बाजूला थोडा फोम असलेलं मिश्र हेल्मेट जास्त टिकतं.

छिद्रं हवीत का? आपल्या दमट हवेत याचं उत्तर ‘हो’ असंच येतं, आणि ते बहुतेक कामांना बरोबर आहे. घामाने त्रासलेला माणूस हेल्मेट काढून ठेवतो. पण जिथे विजेची तार, वेल्डिंग किंवा ठिणग्या आहेत तिथे बंद कवचच घ्या. माडावर आणखी एक अडचण आहे: हुमले. तांबड्या मुंग्यांच्या घरट्याला शेंड्यात धक्का लागला तर त्या छिद्रांतून थेट केसांत उतरतात, आणि पंधरा मीटरवर दोन्ही हात डोक्याकडे गेले की पुढे काय होईल ते सांगायला नको. छिद्रांना आतून जाळी असलेलं हेल्मेट मिळतं, पाडेल्यासाठी तेच बघावं.

वीज हा वेगळा विषय आहे. ईएन ३९७ मधली ऐच्छिक विद्युत चाचणी ४४० व्होल्टची आहे. ईएन ५०३६५ चं हेल्मेट १,००० व्होल्टपर्यंतच्या एसी यंत्रणांसाठी आहे. अमेरिकी मानकात क्लास जी २,२०० व्होल्टला आणि क्लास ई २०,००० व्होल्टला तपासतात, क्लास सी ला वीजरोधक समजू नये. हे आकडे चुकून डोकं लागलं तर काय, याचे आहेत. अकरा हजार व्होल्टच्या तारेला टेकलेला माड ओल्या झावळीतूनही वीज खाली आणू शकतो, तिथे कुठल्याही क्लासचं हेल्मेट घालून चढायचं नाही. वीज खात्याकडून पुरवठा बंद करून घ्यायचा आणि मगच कोयता लावायचा.

कामानुसार निवड

माड आणि पोफळ: पुढची कड आखूड हवी, कारण पाडेल्याचं डोकं झावळ्यांच्या देठांमधून वर घुसतं आणि नजर सतत वर असते. लांब कड तिथे अडकते आणि हेल्मेट मागे ढकलते. न सुटणारा चार टेकूंचा पट्टा, जाळीची छिद्रं, वजन शक्यतो चारशे ग्रॅमच्या आसपास. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, एका पोफळीवरून दुसरीवर झोका घेऊन जाण्याची पद्धत आहे, तिथे बाजूचा आघात ठरलेलाच, म्हणून ईएन १२४९२ च्या तोडीचं संरक्षण पाहिजे. डोक्याला पंचा गुंडाळून त्यावर हेल्मेट चढवू नका. पंचा घसरतो आणि त्याबरोबर हेल्मेट. घामासाठी पातळ सुती टोपी चालते, पण हेल्मेटची माप-जुळणी तीच घालून करायला हवी. साखळी करवत वापरणार असाल तर जाळीचा मुखपट आणि कानाची मफ बसवायला बाजूला खाचा असलेलं मॉडेल घ्या. दुसऱ्या कंपनीची मफ जबरदस्तीने बसवली तर खाच फुटते.

कौलारू छप्पर: इथे माणूस अनेकदा कौल फुटून आत जातो आणि जाताना रिपेला किंवा वाशाला कपाळ अथवा मागचं डोकं आपटतो. आघात खालून आणि बाजूने येतो. मानेच्या खळगीपर्यंत मागून खाली उतरणारं कवच आणि घट्ट पट्टा महत्त्वाचा.

रंगकाम, काचा पुसणं, दोरीवर लटकून भिंतीची दुरुस्ती: छिद्रांचं, दुहेरी पट्ट्याचं हेल्मेट. वर बघताना मागची कड हार्नेसच्या पाठीकडच्या कडीला किंवा दोराला लागते का हे तपासा. रंगाचे थेंब उडाले तर ते थिनरने पुसू नका, थिनरने कवच आतून ठिसूळ होतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

मोबाइल टॉवर, होर्डिंग: बंद कवच, आत फोम, फिकट रंग. दुपारी लोखंडावर चढताना गडद रंगाचं हेल्मेट जास्त तापतं.

सह्याद्रीचे कडे, सत्तरी-सांग्याकडचे धबधबे: ईएन १२४९२ किंवा यूआयएए १०६ शिवाय दुसरं काही नको. पावसाळ्यात पाण्याबरोबर सुटे दगड येतात, त्यामुळे माथ्याचं संरक्षण इथे कौलांपेक्षा जास्त महत्त्वाचं. वारंवार जाणाऱ्या गटांनी कडक कवचाची घ्यावीत. स्वतःपुरतं आणि नीट जपून वापरायचं असेल तर दोनशे-अडीचशे ग्रॅमचं फोमचं सुख देतं. भाड्याने मिळणारं हेल्मेट हातात आलं तर आधी पट्ट्याचं बकल आणि आतली तारीख बघा, मग कड्याकडे.

राहिलं दुचाकीचं हेल्मेट. आयएस ४१५१ चं ते हेल्मेट आघाताला भक्कम असतं, पण जड असतं, कान झाकतं, वर बघू देत नाही आणि उकाड्यात दहा मिनिटांत नको होतं. खालून मारलेली हाक ऐकू न येणं हाच उंचीवर एक धोका आहे. उलट बांधकामाचं हेल्मेट घालून स्कूटर चालवणं तर त्याहून वाईट, त्याला बाजूचं आणि मागचं संरक्षणच नाही.

दुकानात काय बघायचं

वेर्णे, कुंडईसारख्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास सुरक्षा साहित्याचे विक्रेते आहेत. शक्य असेल तर तिथे जाऊन डोक्यावर घालून घ्या. कॅटलॉगवरून वीस हेल्मेट मागवून सगळ्यांना एकच माप देणं ही ठेकेदारांची नेहमीची सवय आहे, आणि मग अर्धे जण ती खुंटीवर टांगून ठेवतात.

हेल्मेट उलटं करा. आत कवचावर निर्मात्याचं नाव, मानकाचा आकडा, मॉडेल, सेंटीमीटरमधलं माप आणि उत्पादनाची तारीख हे सगळं ठळक उमटलेलं असायला हवं. तारीख बहुधा एका छोट्या वर्तुळात असते: मध्ये वर्ष आणि बाण, कडेने महिने, बाण ज्या आकड्याकडे तो महिना. फक्त ‘सीई’ ही युरोपीय खुणेची अक्षरं आहेत आणि मानकाचा आकडा नाही, तर परत ठेवा. आयएसआय चिन्ह असेल तर त्याखाली ‘सीएम/एल’ ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर टाकला की परवाना कुणाचा, कुठल्या वस्तूचा आणि चालू आहे की नाही ते कळतं. दुकानातच उभं राहून दोन मिनिटांत होणारं काम आहे.

किमतीत मोठी दरी आहे. मागे आवळायची चक्री असलेलं जमिनीवरचं हेल्मेट काही शे रुपयांत मिळतं, उंचीचं काही हजारांत. पैसे कमी असतील तर आमच्या मते वर चढणाऱ्या दोघांसाठी चांगली घ्या आणि खालच्यांसाठी आयएस २९२५ ची. सगळ्यांना मधल्या किमतीचं एकसारखं देण्यात अर्थ नाही. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेलं हेल्मेट सवलतीत मिळत असेल तर त्याच्या आयुष्यातली दोन वर्षं गेलेली आहेत हे धरून भाव करा.

डोक्यावर बसवण्याच्या पायऱ्या

१. मोजपट्टी भुवयांच्या दोनेक सेंटीमीटर वरून, मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवा. बहुतेक हेल्मेट ५३ ते ६३ सेंटीमीटरला बसतात. माप अगदी टोकाला येत असेल तर मोठं किंवा लहान माप वेगळं मागा.

२. मागची चक्री पूर्ण सैल करून हेल्मेट आडवं, सपाट घाला. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं. कपाळ उघडं टाकून मागे कललेलं हेल्मेट पुढून पडताना काहीच झाकत नाही.

३. चक्री आवळा. पट्टा न लावता कमरेत वाका आणि डोकं हलवा. हेल्मेट जागेवर राहिलं पाहिजे. तसंच दहा मिनिटं राहा. कपाळ ठणकत असेल तर आकार चुकलेला आहे, माप नव्हे. लांबट डोक्याला गोल सांगाडा पुढून-मागून टोचतो, मग दुसरी कंपनी बघा.

४. बाजूचे पट्टे कानाच्या पाळीच्या थोडं खाली मिळतील असे सरकवा. पट्टा कानावरून जात असेल तर तासाभरात माणूस तो सैल करणारच.

५. हनुवटीचा पट्टा लावा, एक बोट जेमतेम जाईल इतका. तोंड मोठं उघडल्यावर हेल्मेट किंचित खाली ओढलं गेल्यासारखं वाटलं पाहिजे.

६. आता दुसऱ्या माणसाला मागची कड धरून हेल्मेट वर-पुढे ढकलायला सांगा, मग पुढची कड धरून मागे. डोळ्यांवर आलं किंवा कपाळ उघडं पडलं तर चौथ्या पायरीपासून पुन्हा सुरू करा. ही चाचणी जवळजवळ कुणी करत नाही, आणि पडताना हेल्मेट निघतं ते इथेच.

७. शेवटी हार्नेस चढवून सरळ वर बघा, दोन्ही बाजूंना मान वळवा, चढतानाची स्थिती घ्या. अंबाडा किंवा जाड वेणी असेल तर केस मानेवर खाली बांधा, चक्रीखाली गाठ आली की हेल्मेट उचललं जातं.

आपल्या हवेत सांभाळ

ऊन, खारं वारं आणि पावसाळ्यातली बुरशी, तिन्ही आपल्याकडे भरपूर. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होतं: आधी चकाकी जाते, मग कवचावरून हात फिरवला की पांढरट भुकटी लागते. भुकटी लागली की ते हेल्मेट संपलं. किनाऱ्याजवळ काम असेल तर धातूचे रिव्हेट आणि बकल गंजतात, पट्टा शिवणीपाशी कुजतो. म्हणून आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने धुवा, घामपट्टी आणि पॅड काढून सौम्य साबणाने, पाणी कोमट पुरे. सावलीत, वाऱ्यावर वाळवा. ओलं हेल्मेट पिशवीत बंद करून ठेवलं की जून-जुलैमध्ये दोन दिवसांत घामपट्टीला बुरशी येते आणि मग कपाळाला पुरळ. पट्टीचा एक जादा जोड घेऊन ठेवा. केसांना तेल लावण्याची सवय असेल तर घामपट्टी लवकर बुळबुळीत होते, ती जास्त वेळा धुवावी लागते.

गाडीच्या डॅशबोर्डवर हेल्मेट ठेवू नका. ईएन ३९७ मध्ये उष्णतेची नेहमीची चाचणी ५० अंश सेल्सिअसची आहे, बंद गाडीत काचेखाली त्याच्या वर तापमान जातं. डासांच्या क्रीममधलं डीईईटी हे रसायन पॉलिकार्बोनेट आणि एबीएसला खातं, म्हणून क्रीम लावून हात पुसल्याशिवाय हेल्मेटला लावू नका. कवचावर ऑइलपेंटने नाव लिहू नका, मोठे स्टिकरही टाळा, त्यांच्याखालचा तडा दिसत नाही. नाव आणि वापर सुरू केल्याची तारीख आतल्या लेबलवर लिहा.

चढण्याआधीची तपासणी दोन मिनिटांची आहे. कवच दोन्ही तळव्यांत धरून बाजूंनी हलकेच दाबा आणि कान द्या. करकर आवाज आला किंवा केसासारखी रेघ उघडताना दिसली तर ते बाजूला. सांगाड्याचे सगळे टेकू बोटाने ओढून बघा, एक निसटलेला असला तरी जोर असमान जातो. फोम असेल तर बोट फिरवून खळगा किंवा भेग शोधा. पट्ट्याची शिवण बघा, बकल पाच-सहा वेळा लावून सोडा. बकल वाळूने अडत असेल तर पाण्याने धुवा, तेल घालू नका, तेलाला वाळू जास्त चिकटते.

किती वर्षं वापरायचं ते निर्मात्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि तेच अंतिम. कंपनी, साहित्य आणि वापरानुसार आकडा खूप बदलतो, काही प्लास्टिक हेल्मेटना उत्पादनापासून कमाल दहा वर्षं दिलेली असतात. पण रोज उघड्यावर, किनाऱ्याच्या उन्हात वापर असेल तर साधं एबीएस किंवा एचडीपीईचं हेल्मेट तीन वर्षांपुढे ताणू नये असं आमचं मत आहे. मोठा आघात झाला, किंवा रिकामं हेल्मेट परांचीवरून दगडावर पडलं, तर तारीख न बघता बाद करा, बाहेरून ओरखडा नसला तरी.

बाद केलेलं हेल्मेट कचऱ्यात तसंच टाकू नका. कुणीतरी ते उचलतं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या साइटवर घालतं. पट्टा कात्रीने कापा, सांगाडा उपटून काढा, कवच करवतीने दोन तुकडे करा आणि मगच टाका.